वाईट जग, चार क्रेडिट

जग उत्तरोत्तर वाईट होत जाणार, याबद्दल आमच्या घरात कधीच दुमत नव्हतं. मतभेद होता तो एवढाच, की हे शिकायला विद्यापीठाची फी कशाला भरायची. एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला मी ‘डिस्टोपियन फिक्शन’ हा ऐच्छिक पेपर घेतला तेव्हा काकांनी विचारलं, “म्हणजे काय असतं गं त्यात?” मी म्हटलं, “पुढं जग कसं भयंकर होईल, माणसाला स्वतःचं असं काही उरणार नाही, प्रत्येकावर कुणीतरी सतत नजर ठेवून असेल, अशा कादंबऱ्या.” काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्यासाठी पुण्याला कशाला गेलीस? मी इतकी वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मला विचारायचंस.”

पेपर चार क्रेडिटचा आहे. त्याऐवजी भाषाविज्ञान घेता येत होतं. तिथं वाक्याच्या फांद्या काढून दाखवल्या की मार्क मिळतात, म्हणून सगळी गर्दी तिकडं. आमच्या वर्गात मोजकी डोकी. मॅडम मनापासून शिकवतात, पण त्यांची एक पंचाईत आहे. यातली प्रत्येक कादंबरी वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून लिहिलेली, आणि समोरची मुलं काटा यायच्या आधीच भलत्या तपशिलात अडकतात. ऑरवेलच्या ‘१९८४’चा नायक विन्स्टन स्मिथ टेलिस्क्रीनच्या नजरेआड, खोलीच्या कोपऱ्यात बसून चोरून डायरी लिहायला लागतो, हा प्रसंग मॅडम रंगवून सांगत होत्या. वर्ग शांत. मागून एकानं विचारलं, “मॅडम, त्याला एकट्याला फ्लॅट आहे?” आहे. लंडनमध्ये, सात जिने चढून गेल्यावर, एकट्याला. लिफ्ट बहुतेक वेळा बंद असते. “ती तर आमच्याकडंही बंदच असते,” असं म्हणून तो खाली बसला आणि विन्स्टनबद्दलची वर्गाची सहानुभूती तिथंच संपली. पेइंग गेस्ट म्हणून एका खोलीत चौघं राहणाऱ्यांना एकांत हिरावला जाण्याचं दुःख समजावून सांगायचं म्हणजे कठीणच काम. हिरावून न्यायला तो आधी हाताशी असावा लागतो.

घरी तर याहून अवघड. दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्पासाठी मी पुस्तकं मिरजेला नेली. रात्री जेवताना एकेकाची गोष्ट सांगायला लागले, तर घरच्यांनी त्या भयाण जगांची पाहणी सुरू केली ती थेट फ्लॅट बघायला गेल्यासारखी. पाण्याचं काय, जेवण कुठं, दवाखाना जवळ आहे का. घाबरायला कुणी तयार नाही.

आजीनं तर विषयच निकालात काढला. तिच्या मते हे सगळं भागवताच्या बाराव्या स्कंधात येऊन गेलेलं आहे. कलियुगात राज्य करणारे दरोडेखोरांसारखे वागतील. ज्याच्याकडं पैसा तोच कुलीन, तोच गुणी. पोट भरलं की आयुष्याचं सार्थक झालं असं माणसांना वाटेल. केस राखले म्हणजे सुंदर दिसलो असं समजतील. लांबवर कुठं पाणी दिसलं की त्याला तीर्थ म्हणतील. शेवटच्या मुद्द्याला तिनं काकांकडं बघितलं, कारण ते नुकतेच मनालीहून आले होते. माणसाचं आयुष्य वीस-तीस वर्षांवर येईल, असंही त्याच अध्यायात म्हटलंय, पण ते आजी सांगत नाही. तिची पंच्याऐंशी पूर्ण झाली आहेत.

मी चाट पडले ती वेगळ्याच गोष्टीनं. त्याच यादीत, राजांच्या लुटालुटीच्या बरोबरीनं, आणखी एक लक्षण आहे: लग्नं केवळ एकमेकांच्या पसंतीनं व्हायला लागतील. इकडं ऑरवेलच्या पुस्तकात विन्स्टन आणि ज्युलियानं परस्पर एकमेकांना पसंत करणं हेच सरकारविरुद्धचं सगळ्यात मोठं बंड. म्हणजे एका ग्रंथात जो जगबुडीचा पुरावा, तोच दुसऱ्यात माणुसकीचा शेवटचा किल्ला. हे मी ट्यूटोरियलमध्ये लिहिलं. मॅडमना आवडलं. “फार छान आहे,” त्या म्हणाल्या, “परीक्षेत लिहू नकोस. पेपर बाहेर तपासायला जातात.”

बाबांचं प्रकरण मात्र हाताबाहेर गेलं. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, सगळी नोकरी मिरज जंक्शनच्या आसपास. त्यांच्या हाती लागला येवगेनी झाम्यातिन. हा रशियन गृहस्थ मुळात जहाजबांधणीचा इंजिनियर. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये राहून तो रशियासाठी बर्फ फोडत जाणारी जहाजं बांधून घेत होता. परत गेल्यावर १९२०-२१मध्ये त्यानं ‘वुई’ ही कादंबरी लिहिली. इंग्रजीत ती १९२४ साली न्यूयॉर्कला निघाली. त्याच्या स्वतःच्या देशात छापली जायला १९८८ उजाडलं, आणि तोवर झाम्यातिनला पॅरिसमध्ये मरून अर्धशतक झालं होतं. यातल्या राज्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. नायकाचा डी-५०३. घरं काचेची, म्हणजे कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसावं. एकाच मिनिटाला सगळे उठतात, एकाच मिनिटाला चमचा उचलतात, आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा असा कायदा आहे.

“पन्नास?” बाबा म्हणाले. “आपल्याकडं बत्तीस सांगतात. पण पन्नास उत्तमच.”

पडदे ओढायला ठरलेल्या दिवशी ठरलेला वेळच परवानगी मिळते, आणि त्यासाठी गुलाबी कुपन लागतं. ते कुपन कशाचं हे मी बाबांना सांगितलं नाही; त्यांनी रेशनचं धरलं. मग ते वाक्य आलं. डी-५०३ ठामपणे सांगतो की प्राचीन लोकांच्या वाङ्मयातून जे काही आपल्यापर्यंत पोचलं, त्यात सर्वश्रेष्ठ कृती म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“कोण म्हणतो असं?”

“नायक.”

“शहाणा माणूस आहे.”

मी सांगून पाहिलं की लेखक चेष्टा करतोय, माणसाचं यंत्र झालं की त्याला कवितेच्या जागी वेळापत्रक दिसायला लागतं, असं त्याला सुचवायचंय. बाबांचा आवाज चढला. “चेष्टा करायला काय जातंय? पुणे-मिरज मार्ग एकेरी होता तेव्हा चार्टमधली दोन मिनिटं इकडची तिकडं झाली असती ना, तर दोन गाड्या समोरासमोर आल्या असत्या. मग लिहीत बसला असता कविता!” यावर झाम्यातिनकडं उत्तर नाही, माझ्याकडंही नाही. वेळापत्रक ही बाबांच्या लेखी गुलामी नाही. गाडीत झोपलेल्या हजारभर माणसांची कुणीतरी वाहिलेली काळजी आहे ती. इंजिनियर झाम्यातिनलाही हे ठाऊक असणार, असं मला आता वाटतं. नाहीतर त्याच्या नायकाला गणिताबद्दल वाटणारं प्रेम इतकं खरं उतरलं नसतं. कादंबरीच्या शेवटी सरकार लोकांच्या डोक्यातली कल्पनाशक्ती काढून टाकायचा उपचार सुरू करतं, तोही क्ष-किरणांनी. मिरज हे दवाखान्यांचं गाव. बाबा म्हणाले, “म्हणजे टाके नाहीत. बरं आहे.”

ऑरवेलची गंमत निराळी. तो आपला माणूस निघतो. १९०३ साली बिहारमध्ये मोतिहारीला त्याचा जन्म. खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर, वडील सरकारच्या अफू खात्यात. मोठेपणी त्यानं ब्रह्मदेशात पाच वर्षं पोलिसाची नोकरी केली. ‘१९८४’ लिहिली ती स्कॉटलंडच्या ज्युरा बेटावर, क्षयानं पोखरलेल्या फुप्फुसांनिशी. इतक्या लांब यायला टायपिस्ट मिळेना म्हणून अख्खं हस्तलिखित त्यानं अंथरुणात बसून स्वतः टंकलं. १९४९च्या जूनमध्ये पुस्तक बाहेर आलं, १९५०च्या जानेवारीत तो गेला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणून २०११पासून भारतात ऑरवेल कुणीही छापावा अशी सोय झाली. आज पुण्याच्या फुटपाथवर तो श्रीमंत होण्याचे मार्ग आणि अंकज्योतिष यांच्या मधोमध आडवा पडलेला असतो, आणि घासाघीस केली तर वडापावच्या दोन-तीन प्लेटच्या भावात मिळतो. अमेरिकेत तसं नाही. २००९ साली अ‍ॅमेझॉनवर ‘१९८४’ची एक बिनहक्काची ई-आवृत्ती विकली गेली, लक्षात आल्यावर कंपनीनं लोकांच्या किंडलमधून ते पुस्तक परस्पर पुसून टाकलं, पैसे परत दिले आणि नंतर माफी मागितली. नको असलेला कागद भिंतीतल्या भोकात टाकून नाहीसा करण्याची युक्ती ज्या कादंबरीनं जगाला दाखवली, तीच अशी गायब व्हावी! हे मी घरी सांगितलं तर आईचा प्रश्न: “पैसे परत मिळाले ना? मग ओरडतात कशाला?”

मला या माणसाच्या चरित्रात सगळ्यात आवडलेली व्यक्ती मात्र मराठी आहे. १९४१ ते १९४३ ऑरवेल बीबीसीच्या पूर्वेकडच्या प्रक्षेपणाचं काम बघत होता. हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी तो युद्धाच्या घडामोडींवर साप्ताहिक टिपणं लिहायचा आणि ती मराठी, गुजराती, बंगालीत भाषांतरित होऊन जायची. तिथं त्याच्या हाताखाली काम करत होत्या वेणू चितळे, कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या, पुण्या-मुंबईत शिकलेल्या. पुढं परत येऊन १९५० साली त्यांनी ‘इन ट्रान्झिट’ ही पुण्यातल्या एका घराच्या तीन पिढ्यांची इंग्रजी कादंबरी लिहिली. १९४२ सालचं एक छायाचित्र आहे: टी. एस. एलियट बसलेत, मुल्कराज आनंद आहेत, ऑरवेल मागं उभा आहे, आणि त्याच टेबलाशी साडी नेसलेल्या वेणूबाई. मी मोबाईलच्या पडद्यावर आजीला दाखवलं. आजीनं फोटो मोठा करून बघितला आणि ऑरवेलकडं बोट दाखवून म्हणाली, “हा फार वाळलाय. काही खात नव्हता का?” युद्धातलं रेशन होतं, मी म्हटलं. कादंबरीतल्या उकडलेल्या कोबीच्या वासाचं मूळ तिथंच असावं.

याच बीबीसीत एक मीटिंगची खोली होती, एकशे एक नंबरची. तिथल्या बैठकांना ऑरवेल इतका कंटाळायचा, की जगातली सगळ्यात भयंकर गोष्ट जिथं असते त्या कादंबरीतल्या खोलीला त्यानं तोच नंबर दिला, असं सांगतात. सगळ्या अभ्यासक्रमात हा एकच मुद्दा असा आहे, की जो आमच्या घरातल्या प्रत्येक नोकरदार माणसाला ताबडतोब पटला.

आईला ऑरवेल नको होता. तिला मी अल्डस हक्सलेची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ सांगितली, १९३२ची. हक्सलेनं ईटनच्या शाळेत काही काळ ऑरवेलला फ्रेंच शिकवलं होतं. पुढं विद्यार्थ्याचं पुस्तक वाचून गुरुजींनी पत्र पाठवलं, त्यात आधी कौतुक, आणि मग थोडक्यात असं, की बाळ, लोकांना बडवून आणि तुरुंगात घालून राज्य करण्यापेक्षा त्यांना गुंगीत आणि मजेत ठेवून करणं जास्त स्वस्त पडेल, तेव्हा खरं माझंच होणार. हक्सलेच्या जगात मुलं बाटल्यांतून जन्माला येतात. लग्न नाही, संसार नाही, म्हातारपण दिसत नाही. दुःख झालं की सोमाची गोळी; हे नावही त्यानं आपल्या वेदांतूनच उचललेलं. आई पोळ्या लाटत ऐकत होती.

“म्हणजे डबे नाहीत?”

“नाहीत.”

“पाहुणे?”

“कुणी कुणाचं नातेवाईकच नसतं.”

आईनं लाटणं थांबवलं. परिस्थिती हाताबाहेर जाते आहे हे बघून मी हुकमाचा एक्का काढला: त्या जगात ‘आई’ हा शब्द अश्लील मानतात, चारचौघांत उच्चारला तर लोक लाजेनं लाल होतात. आईनं पुढची पोळी तव्यावर टाकली. “मग त्यात नवं काय? आपल्याकडंही सगळ्या शिव्या आईवरूनच असतात की.”

हक्सलेवरची टीका मी बरीच वाचली आहे, आणि या वाक्याला लागून असलेलं काही मला तरी सापडलेलं नाही.

आत्या भाऊबीजेला आली तेव्हा मार्गारेट अ‍ॅटवुडची पाळी आली. ‘द हँडमेड्स टेल’ लिहायला तिनं १९८४ साली, भिंत उभी असतानाच्या पश्चिम बर्लिनमध्ये सुरुवात केली, आणि इतिहासात कुठं ना कुठं माणसानं आधीच केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही, हा दंडक पाळला. त्यात ज्या बायकांना मुलं जन्माला घालण्यासाठी मोठ्या लोकांच्या घरी ठेवतात, त्यांची स्वतःची नावं काढून घेतात आणि त्या घरातल्या पुरुषाच्या नावावरून नवी देतात. घर बदललं की नाव बदललं. हे सांगताना मी जरा घाई केली, कारण आत्या माहेरची सुलभा आहे, आणि लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं जे नाव लिहिलं गेलं ते मेधा. आत्यानं शेव खात शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “मला निदान एकदाच बदलावं लागलं,” आणि आणखी चिवडा मागितला. काकांना हसू आलं. आजी हसली नाही; तिचंही माहेरचं नाव दुसरंच आहे, ते मला तोपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं.

रे ब्रॅडबरीवर फार वेळ गेला नाही. ‘फॅरनहाइट ४५१’चा पहिला खर्डा त्यानं लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टाइपरायटरवर लिहिला, नाणं टाकायचं आणि मीटर संपायच्या आत बडवत सुटायचं. १९५३ साली पुस्तक आलं. त्यात पुस्तकं जाळणारं सरकार आहे, आणि शेवटी रानात लपलेली माणसं, ज्यांनी एकेक ग्रंथ तोंडपाठ करून ठेवलाय. वर्गात हा शेवट सगळ्यांना अद्भुत वाटला. आजीला वाटला नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या तेव्हा लोकांनी दुसरं काय केलं, असा तिचा सवाल. गाथा पाण्यावर तरंगून आली यावर तिची श्रद्धा आहेच, पण नसती आली तरी काही बिघडलं नसतं, कारण ती वारकऱ्यांच्या तोंडात होती, हेही तिला तितकंच मान्य आहे. तिचा स्वतःचा हरिपाठ पुस्तकाविना होतो. एखादा सरकारी बंब घेऊन आला तर आमच्या घरात हीच एकटी वाचेल.

या विषयाचा एक दुष्परिणाम मात्र कुणी प्रवेशाच्या वेळी सांगत नाही. काही महिन्यांत विद्यार्थ्याला सगळीकडं तेच दिसायला लागतं. मेसचं कुपन बघून झाम्यातिन आठवतो. हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला, यंत्रानं “पुन्हा प्रयत्न करा” म्हटलं, की माणूस आपल्या अस्तित्वाबद्दल शंका घ्यायला लागतो. बसचा पास महाग झाल्यावर ‘सवलतीचे नवे दर’ असा फलक लागलेला दिसला आणि मी रस्त्यात थांबून हसले. ‘१९८४’मध्ये चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमवरून वीसवर आणतात, आणि दुसऱ्या दिवशी ते वाढवून वीस केल्याबद्दल आभाराचे मोर्चे निघतात. ई. एम. फॉर्स्टरनं १९०९ साली ‘द मशीन स्टॉप्स’ नावाची गोष्ट लिहिली. हाच पुढं देवासच्या मराठी महाराजांकडं खासगी सचिव म्हणून राहिलेला फॉर्स्टर. त्या गोष्टीत जमिनीखालच्या एकेका खोलीत एकेक माणूस राहतो, पडद्यावरून हजारो लोकांना ओळखतो आणि खुर्चीतून न उठता दहा मिनिटांची व्याख्यानं देतो. अकरावी-बारावी घरातल्या पलंगावर, कॅमेरा बंद ठेवून काढलेल्या आमच्या पिढीला ही गोष्ट भविष्यातली म्हणून शिकवायची म्हणजे कमालच. माझी रूममेट संख्याशास्त्राची आहे. तिनं खोलीत ‘डिस्टोपियन’ हा शब्द उच्चारला तर पाच रुपये दंड लावला. मी ‘ऑरवेलियन’ म्हणायला लागले तेव्हा तिनं दंड दहावर नेला आणि वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली. विचारांवर कर लावणारी पहिली सत्ता मला अशी घरातच भेटली.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, तिकडं येते. अभ्यासक्रमाच्या शेवटी, ‘पूरक वाचन’ या सदराखाली, जिथं सहसा कुणी जात नाही तिथं, मंजुळा पद्मनाभन यांचं ‘हार्व्हेस्ट’ हे नाटक आहे. १९९७ साली त्याला ग्रीसचं ओनासिस पारितोषिक मिळालं आणि गोविंद निहलानींनी त्यावर २००१मध्ये ‘देहम’ हा चित्रपट केला. नाटक घडतं २०१० सालच्या मुंबईत. लिहिलं तेव्हा ते भविष्य होतं. एका खोलीचं बिऱ्हाड: नोकरी गेलेला कारकून ओम, त्याची बायको जया, त्याची आई आणि धाकटा भाऊ जितू. ओमला इंटरप्लांटा नावाच्या कंपनीत ‘नोकरी’ लागते. काम काहीच नाही. फक्त निरोगी राहायचं आणि परदेशातल्या एका श्रीमंत गिऱ्हाइकाला लागेल तेव्हा लागेल तो अवयव द्यायचा. उमेदवार अविवाहित हवा, म्हणून जया एका रात्रीत नवऱ्याची बहीण होते. बदल्यात कंपनी घरात सगळं आणून बसवते. खाण्याच्या गोळ्या. छताला लटकणारं एक यंत्र, ज्यातून जिनी नावाची गोरी बाई गोड आवाजात सगळ्यांची चौकशी करते आणि सगळ्यांवर नजर ठेवते. आईला टीव्ही. आणि सगळ्यात आधी, घरातल्या घरात संडास.

मी हे जेवताना सांगत होते. आतापर्यंतच्या सगळ्या जगांचा बाजारभाव विचारणारं आमचं घर इथं वेगळ्या तऱ्हेनं ऐकायला लागलं. संडास आला म्हटल्यावर आई म्हणाली, “आतच?” आमचं जुनं घर वाड्यात होतं. सामाईक संडास, पहाटेची रांग, पावसाळ्यात हातात कंदील. हे माझ्या आठवणीतलं नाही, पण आईच्या आणि आत्याच्या आहे. बाबांनी विचारलं, “पगार किती देतात?” काका म्हणाले, “एक किडनी गेली तरी माणूस जगतो, तसं.” आत्यानं विचारलं, “सही कुणी केली? त्यानं एकट्यानं?” म्हणजे घरातली माणसं हिशोब करायला लागली होती, आणि हिशोब करतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं. आजी तेवढी म्हणाली, “त्या सुनेला कुणी विचारलं का?”

नाही विचारलं. नाटकाचा शेवट तिच्याच हातात आहे. कंपनीची माणसं चुकून ओमऐवजी जितूला उचलून नेतात. ओम नंतर स्वतःच्या पायांनी त्यांच्याकडं निघून जातो. जिनी ही बाई नव्हतीच, पलीकडं एक म्हातारा पुरुष आहे आणि आता त्याला जया हवी आहे, हे कळतं तेव्हा ती एकटी दार लावून घेते आणि अट घालते, की हवी असेन तर पडद्यावरून नाही, स्वतः इथं ये. नाहीतर मी जीव देईन, तुला काहीच मिळणार नाही. आजी म्हणाली, “शाबास.” भागवतातल्या कलियुगाला तिनं कधी शाबासकी दिलेली मी ऐकलेली नाही.

माझं मत सांगायचं तर ऑरवेल थोर आहे, पण आपल्या लोकांना तो घाबरवू शकत नाही, कारण त्याच्या जगात माणसाला ओढून नेतात. बूट, लाठी, अंधारकोठडी यांच्याविरुद्ध काय वाटायला हवं हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पद्मनाभनबाईंच्या जगात कुणी ओढत नाही. तिथं जाहिरात येते, अर्ज भरायचा असतो, उमेदवारांची रांग असते, आणि निवड झालेला घरी पेढे घेऊन आला असता तर आपण ते खाल्ले असते. आमच्या घरानं झाम्यातिनच्या वेळापत्रकाला, हक्सलेच्या बिनडब्याच्या स्वयंपाकघराला पास केलं ते काही अडाणीपणानं नाही. या जगांत खरोखरच सोयी आहेत. कष्ट उपसलेल्या माणसाला सोय आधी दिसते, आणि त्यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पाश्चात्त्य कादंबऱ्या त्या सोयी सहसा उपहासानं दाखवतात. ‘हार्व्हेस्ट’मध्ये त्या खऱ्या गरजेच्या आहेत, म्हणून ते नाटक अंगावर येतं.

हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं नाही. प्रश्नपत्रिकेत ‘हार्व्हेस्ट’ नव्हतंच. ‘१९८४’मधील स्वातंत्र्याची संकल्पना, टीप लिहा, मार्क पाच; आणि गाइडमध्ये या टिपेचे सहा मुद्दे दिलेले आहेत. सहाही मुद्दे अख्ख्या वर्गानं त्याच क्रमानं लिहिले, एकाच वेळी पान उलटलं, आणि पर्यवेक्षक मागच्या बाकाजवळ उभे राहून बघत होते. स्वातंत्र्यावर माझे साडेचार मार्क आले.

पुढच्या वर्षी कुणी हा पेपर घेणार असेल त्यांनी एवढं करावं. ग्रंथालयात ‘१९८४’साठी नंबर लावावा लागतो, ‘हार्व्हेस्ट’ कपाटात रिकामं बसून असतं. पातळ आहे, दुपारी घेतलं तर संध्याकाळच्या चहापर्यंत होतं. ते आधी वाचा, आणि जमलं तर घरी मोठ्यानं सांगा. ‘वुई’ मात्र मिळणार नाही. ग्रंथालयाची एकुलती एक प्रत मिरजेला आहे, बाबा ती परत द्यायला तयार नाहीत, आणि दंड रोजचा एक रुपया चालू आहे.